नावाआधीचा शब्द

कडेवरच्या लेकाच्या, गोलूच्या, पायातला एक मोजा निसटून पायरीवर पडला, तो उचलायला रुचिका वाकली आणि वर येता येता विहाराच्या सभागृहाबाहेर ताणून बांधलेल्या फ्लेक्सवर तिची नजर गेली. वर निळ्या अक्षरांत ‘जाहीर चर्चा’, त्याखाली ‘रशियाचे युद्ध : लष्करी आणि राजकीय परिणाम’, मग नागपूरहून येणाऱ्या निवृत्त कर्नलसाहेबांचा फोटो, आणि उजव्या कोपऱ्यात फुलांच्या चौकटीत तिचा भाऊ. पोपटी शर्ट, ओठ दाबून आवरलेलं हसू. खाली लिहिलं होतं, ‘कालकथित सुगत श्यामराव लाडे यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.’ तिनं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं, जणू पुन्हा वाचताना तो पहिला शब्द तिथं नसेलच. दुसऱ्या लोकांत कैलासवासी म्हणतात, स्वर्गीय म्हणतात. वस्तीत ना कैलास मानत ना स्वर्ग, म्हणून गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित. बाबा गेले तेव्हा पत्रिकेवर तो शब्द छापून आला होता आणि तिला त्याचा आधारच वाटला होता. स्वच्छ शब्द होता. कुठं नेत नव्हता, कसलं आमिष दाखवत नव्हता, माणूस होता आणि त्याचा काळ झाला, एवढंच सांगत होता. पण सुगतच्या नावाआधी तो आजवर कुणी तिच्यासमोर लावला नव्हता. आता तो लावलेला होता, दोरीनं चारी कोपऱ्यांत बांधलेला, आणि फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात फ्लेक्स वाऱ्यानं फुगत होता, बसत होता, फुगत होता. तिला एकदम वाटलं की श्वास घेणारी गोष्ट या क्षणी ती एकच आहे. तिनं गोलूला छातीशी दाबलं. तो कुरकुरला. आई नदीपलीकडच्या कारध्याहून ऑटोत बसली होती. पुलावर गर्दी नसेल तर आता कधीही येऊन उतरेल.

आईला तिनंच बोलावलं होतं. ‘सुगतच्या तिकडची चर्चा आहे, ये, कोणी शिकलेलं माणूस सांगते तर ऐक तरी,’ असं फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना आपल्या आवाजात एक गोड लबाडी आहे हेही तिला ऐकू आलं होतं. कारण सोमवारी सरकारी दवाखान्यात आईला बोलावलं होतं, रक्ताचा नमुना द्यायला, आणि आई काही केल्या तयार होत नव्हती.

आत आनंदराव सर खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होते. शाळेत त्यांनी तिला भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावर हातातला खडू तेवढा सुटला, शिकवणं सुटलं नाही. महिन्याच्या एका रविवारी वंदना झाली की विहारात जाहीर चर्चा. कधी संविधान, कधी सिकलसेल, कधी धानाचा हमीभाव. वस्तीतली पोरं त्याला ‘सरांचा तास’ म्हणत आणि चहा-आलुबोंड्यासाठी का होईना, येत.

“सर, बाहेरचा फ्लेक्स...”

“पाहिला का? रंग बढिया आला ना? पोरांनी काल सांजेले छापून आणला.”

“सर, त्याच्यावर सुगतच्या नावाआधी...”

“हो ना पोरी. म्हटलं, जगाची एवढी मोठी गोष्ट अन आपल्या समाजाचं लेकरू त्याच्यात गेलं. मान द्यायले पायजे की नाही?”

“सर, पण तो...”

तो. पुढं वाक्य तयारच असेल अशा भरवशावर तिनं तोंड उघडलं होतं. तो जिवंत आहे, असं म्हणायचं तर कुणी विचारलं असतं, कशावरून, आणि तिच्याजवळ काय होतं? तो बेपत्ता आहे, हा शब्द परराष्ट्र खात्याच्या दिल्लीच्या ऑफिसातला, ईमेलमधला, तो तिच्या तोंडात बसत नव्हता. तो मेलेला नाही, असं म्हणायला गेलं की वाक्यात मेलेला आधी येत होतं आणि नाही मागून, धापा टाकत. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

“अरे अरे. मले वाटलं तुमच्या घरी कळलं आहे. साऱ्या गावात तसंच बोलून राहिले ना.”

साऱ्या गावात. म्हणजे भाजीवाली, मेडिकलवाला, नवऱ्याच्या, अमरच्या, बँकेतले लोक, जिना चढताना तिला आधी वाट देणारे शेजारी. तिला गेल्या काही महिन्यांतली माणसांची ती विचित्र मऊ वागणूक आठवली. भाव न करता भाजी द्यायची ती बाई. तिला वाटायचं, लेकुरवाळी म्हणून. एवढी माणसं त्याला कधीच पोचवून आली होती आणि परत येऊन आपापल्या कामाला लागली होती. मागे राहिल्या होत्या त्या दोघीच, एक पुलाच्या अलीकडे आणि एक पलीकडे.

“फ्लेक्स सोडला तर चार माणसं विचारतील, काहून सोडला म्हणून,” सर म्हणाले. “झाकतो मी थो शब्द. आत्ता झाकतो.” त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पाठकोरा कागद फाडला, चिकटपट्टी दातानं तोडली आणि खुर्चीवर चढून पट्टी चिकटवली. ती थोडी आखूड पडली. शब्दाचा शेवटचा ‘त’ तेवढा बाहेर राहिला, त्याला त्यांनी आणखी एक तुकडा लावला. खाली उतरून लांबून पाहिलं, फळ्यावरचा नकाशा पाहावा तसं. ‘स्मृतीस’ तसंच होतं. ते तिलाही दिसलं आणि त्यांनाही दिसलं.

“स्मृती जित्या माणसाचीही राहते,” सर घाईनं म्हणाले, आणि त्या बोलण्याची त्यांनाच लाज वाटल्यासारखे आत निघून गेले.

आई ऑटोतून उतरली ती हातात पिशवी, पांढरी साडी, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागे पडलेला. सुमनबाई लाडे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म गेला, शेकडो लेकरांचे शेंबूड पुसले, आणि अजूनही रस्त्यात कुणाचं लेकरू दिसलं की तिचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे जातो. तिनं आधी गोलूचं नाक पुसलं, मग रुचिकाकडे पाहिलं, मग फ्लेक्सकडे. बराच वेळ पाहिलं. आई चौथी शिकलेली; वाचते, पण अक्षरांवरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवत. रुचिकानं त्या नजरेचा प्रवास पाहिला, फोटोवरून खाली, पांढऱ्या पट्टीवर, पट्टीवरून पुढं. पट्टीपाशी ती थांबली का? थांबल्यासारखं वाटलं.

“हा शर्ट,” आई म्हणाली, “हा मी सानगडीच्या बाजारातनं घेतला होता. त्याले आवडला नव्हता. पोपट दिसतो म्हणे मी.”

आणि ती आत जाऊन बायकांच्या पहिल्या रांगेत बसली.

वंदना चालू असताना रुचिकाला तो दिवस आठवत राहिला, किंवा आठवत नव्हती ती, तो दिवसच सूत्रं म्हणणाऱ्या आवाजांच्या फटीतून आत येत होता. जाण्याच्या आदल्या दिवशी भंतेजींनी सुगतच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला होता आणि तो म्हणाला होता, विमानतळावर मशीनमध्ये वाजणार तर नाही ना हा? सगळे हसले होते. आयटीआय केलेला, वेल्डिंगचा हात चांगला, पण इथं काम मिळे ते कंत्राटी, चार महिने चालू, चार महिने बंद. मग मोबाइलवर कुणा एजंटचा व्हिडिओ. हेल्परची नोकरी, रशियात, गोदामात, राहणं-खाणं त्यांचं. लढायचं नाही, बंदुकीचा संबंध नाही, असं तो एजंट हसत हसत सांगत होता, मागे बर्फ होता आणि बर्फात एक लाल गाडी. सुगतनं तो व्हिडिओ तिला दाखवला तेव्हा गोलू तिच्या पोटात होता आणि तिचं अर्धं लक्ष त्याच्या लाथेकडे होतं. तिकडे पोचल्यावर पहिल्यांदा आवाज पाठवला तो असा, “ताई, इथं बर्फ कसा पडते सांगू? राइस मिलच्या मागं कोंडा उडते ना, तसा. फक्त कोंडा खाजवते, हा नाही खाजवत.” ती हसली होती, गोलूला पाजता पाजता हसली होती, आणि कोंडा तिच्या डोळ्यांसमोर तेव्हापासून पडतोच आहे. मग गोदाम बोलण्यातून हळूहळू कमी झालं. ट्रेनिंग आलं. कागदावर सही घेतली, कागद त्यांच्या भाषेत. एकदा एका गावाचं नाव आलं, जे त्याला नीट म्हणताही येत नव्हतं. “नेटवर्क नाही राहणार आता काही दिवस. आईले म्हण, गोदामातच आहो.” तो त्याचा शेवटचा निरोप. तिनं तसं म्हटलं. आईनं ऐकून घेतलं. आणि टीव्हीवर जेव्हा तशाच फसवून युद्धावर नेलेल्या पोरांची बातमी आली तेव्हा आईनं भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं होतं, “ह्यांचंही गोदामच होतं का?”

तेव्हापासून रुचिका नकाशे पाहते. दुपारी गोलू झोपला की मोबाइलचा आवाज बंद करून, त्याच्या पोटाचं वरखाली होणं एका डोळ्यानं बघत, ती दुसऱ्या डोळ्यानं तज्ज्ञांच्या चर्चा बघते. लाल रंग पुढं सरकला, निळा मागे आला. लाखनी तालुक्यातली गावं तिला पाठ नाहीत, पण तिकडच्या नदीकाठची ओसाड खेडी पाठ आहेत, त्यांतलं कुणाचं स्टेशन कुठं आणि कुणाच्या शेताच्या कडेला झाडांची ओळ आहे हेही. त्या झाडांच्या ओळीत माणसं बसतात, असं तज्ज्ञ सांगतात, आणि वरून पाखरासारखं यंत्र येतं. तिनं अमरला विचारलं होतं, पाखरासारखं म्हणजे केवढं? अमर म्हणाला होता, तू हे पाहणं बंद कर, दूध आटून जाईल तुझं. तो वाईट नाही. त्याला घरात एकच भीती पुरे वाटते.

वंदना संपली. आनंदराव सर माइकपाशी आले आणि म्हणाले, “चर्चेच्या आधी, या युद्धात दोन्ही बाजूंनी जे जीव गेले, त्यांच्यासाठी आपण सारे उभे राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू.” नाव घेतलं नाही त्यांनी. पण खुर्च्या सरकल्या, सगळे उठले, आणि उठता उठता किती तरी डोळे पहिल्या रांगेकडे वळले. रुचिकाही उठत होती. सवयीनं गुडघे सरळ होत होते आणि मध्येच तिच्या मनात आलं, आपण उभ्या राहिलो तर कोणासाठी? आणि नाही राहिलो तर हे सगळे परके जीव, त्यांच्या काय आया नव्हत्या? तेवढ्यात तिची ओढणी ताणली गेली. आई बसूनच होती आणि तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

“बस,” आई म्हणाली. हळू, पण साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं.

ती बसली. उभ्या माणसांच्या जंगलात त्या दोघी बसलेल्या. आईनं पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि गोलूसाठी फोडला. त्या शांततेत प्लास्टिकचा तो चरचर आवाज एवढा मोठा झाला की मागून कुणीतरी खाकरलं. आईनं बिस्किटाचा तुकडा गोलूच्या हातात दिला, त्याची मूठ मिटवली, आणि समोर बघत राहिली. रुचिकाला तिचा राग आला. लाज आली. आणि त्याच्याही खाली कुठंतरी, विहिरीच्या तळाला पाणी हलावं तसा, एक सुटकेचा सुस्कारा हलला, ज्याकडे तिनं त्या वेळी पाहिलं नाही.

कर्नलसाहेब चांगले बोलत होते. उंच, पाठ ताठ, आवाज कसलेला, भिंतीवर नकाशा आणि हातात लाल ठिपका टाकणारा दिवा. ते म्हणाले, हे झिजवण्याचं युद्ध आहे. जिंकायचं म्हणजे जमीन घ्यायची असं आता राहिलेलं नाही, समोरच्याची माणसं आणि माल आपल्याआधी संपले पाहिजेत. रणगाड्याचे दिवस गेले, स्वस्त ड्रोनचे आले. युरोप पुन्हा शस्त्रं करायला लागला, जे देश तटस्थ होते ते गटात गेले, रशिया चीनकडे आणखी झुकला, आणि आपण स्वस्त तेल घेत मधल्या रेषेवर चालतो आहोत. मनुष्यबळ हा कळीचा मुद्दा आहे, ते म्हणाले. ज्याच्याजवळ मनुष्यबळ जास्त, त्याला घाई नसते. लाल ठिपका नकाशावरून सरकत होता आणि रुचिका तो ज्या गावांवरून जात होता त्यांची नावं मनात म्हणत होती, पाढे म्हणावे तशी. मनुष्यबळ. पोपट दिसतो म्हणे मी. ठिपका एका नदीपाशी थांबला, आणि गोलू दोन्ही हात पुढं करून त्या ठिपक्याला पकडायला झेपावला. तिनं त्याला मागे ओढलं. जरा जास्तच जोरानं ओढलं. पोरगा. मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते, आणि आज तिला पहिल्यांदा वाटलं की जगात कुठंतरी कुणीतरी खुर्चीत बसून मोजतो आहे, आणि त्याच्या मोजणीत हाही आहे, बिस्किटाची लाळ गळणारा.

मग प्रश्न सुरू झाले, आणि सभागृह जरा सैल झालं.

“साहेब, तेल स्वस्त मिळून राहिलं म्हणता,” मागून एक शेतकरी उठला, “मंग माह्या ट्रॅक्टरले कोणी काहून नाही सांगतलं?”

हशा पिकला. कर्नलसाहेबही हसले. “ते मला नाही, पंपवाल्याला विचारा.”

“त्याले विचारलं जी. थो म्हणे युद्ध सुरू आहे.”

आणखी हशा. कुणी खताचं विचारलं, कुणी आपण नक्की कुणाच्या बाजूचे हे विचारलं, त्यावर दोन पोरांची आपसातच जुंपली, एक म्हणे जुना दोस्त आहे तो आपला, दुसरा म्हणे दोस्त असता तर आपली पोरं पुढं काहून ठेवली असती बे, आणि हे बोलून झाल्यावर त्याची जीभ दाताखाली आली आणि तो खाली बसला. आनंदराव सरांनी घाईनं विचारलं, “साहेब, दोन्ही देशांत बोलणंच बंद आहे का पुरतं? राजकीय मार्ग काहीच नाही उरला?”

“असं नाही,” साहेब म्हणाले. “बाकी वाटाघाटी फिसकटल्या तरी एक गोष्ट चालू राहिली. कैद्यांची अदलाबदल, आणि मृतदेहांची. गाड्या भरून देह इकडचे तिकडे जातात. माझ्या मते ही महत्त्वाची राजकीय खूण आहे. जे मेलेल्यांवर बोलू शकतात, ते कधीतरी जिवंतांवरही बोलतील.”

टाळ्या पडल्या. वाक्य चांगलंच होतं. रुचिकाचे हातही टाळीसाठी उचलले गेले होते की काय, तिला कळलं नाही, कारण शेजारची जागा रिकामी झाली होती. आई उभी होती. मघाशी जी उभी राहिली नाही ती आता उभी होती, आणि खुर्चीच्या पाठीला धरून म्हणत होती, “साहेब, मले एक विचारायचं आहे.”

“बोला ना सुमनबाई,” सर माइक घेऊन धावले. आईनं माइक हातानं बाजूला केला.

“हे तुम्ही सांगतलं, गाडीत भरून देतात म्हणून. तर मंग कोण कोणाचा आहे, हे त्याइले कसं समजते?”

कर्नलसाहेबांना ती कोण हे माहीत नसावं. त्यांनी चांगल्या विद्यार्थ्याला द्यावं तसं उत्तर दिलं. “चांगला प्रश्न आहे. गळ्यात बिल्ला असतो, कागद असतात. पण बरेचदा काहीच उरत नाही. तेव्हा रक्त जुळवतात, आईवडिलांचं. ते नसेल तर अंदाज.”

“अंदाजानं चुकत असन.”

“चुकतं. याच्या घरी त्याचा जातो. झालंय तसं.”

“अन ज्याचं कोणी रक्तच नाही दिलं, त्याचं?”

तेव्हा त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. पांढरी साडी पाहिली, मागच्या रांगांची खाली गेलेली डोकी पाहिली. लाल ठिपका भिंतीवरून विझला. “नंबर टाकून ठेवतात, बाई,” ते म्हणाले. त्यांचा कसलेला आवाज कुठंतरी राहून गेला होता. “नाही तर कुणाच्या तरी नावावर पुरतात.”

“बरं,” आई म्हणाली आणि खाली बसली. पदर नीट केला. तिच्या हाताला बिस्किटाचा चुरा लागला होता, तो तिनं एकेका बोटावरून झटकला.

मग चहा झाला, आलुबोंडे झाले. महिला मंडळाच्या रत्नमालाबाई आईपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि गोलूकडे बघत म्हणाल्या, “नातू बापावर गेला नाही का वं?” आई म्हणाली, “मामावर गेला.” रत्नमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. आईनं नाही लावला. रुचिका गोलूला कडेवर घेऊन जरा दूर सावलीत उभी होती आणि तिच्या डोक्यात गेल्या महिन्यातलं ते भांडण चाललं होतं. दिल्लीहून फोन आला होता, आईचं रक्त लागेल, वडील नाहीत म्हणजे तिचंच, सरकारी दवाखान्यात घेतील, दहा मिनिटांचं काम. ती कारध्याला धावत गेली होती. आई परसात वाल तोडत होती. रक्त दिल्यानं कोणी मरत नाही आई, असं ती म्हणाली होती, शिकलेल्या माणसाच्या त्या समजूतदार आवाजात जो तिला स्वतःलाच अलीकडे ऐकवत नाही. आईनं वालाची शेंग मधोमध मोडली होती. “माहं रक्त घेऊन थे कोठी शोधतीन त्याले? मेलेल्यात ना? जित्यात तर नाही ना शोधत रक्त घेऊन?” कॉलेजात तिला असं काही शिकवलं नव्हतं. ती चिडली होती. अडाण्यासारखं करू नको म्हणाली होती. आम्हाला कळायला नको का, असं कसं किती दिवस लटकत राहायचं, मला झोप नाही, माझ्या लेकराला पुरतं दूध नाही, असं बरंच. आईनं ऐकून घेतलं होतं आणि शेंगा पिशवीत भरून तिच्याच हाती दिल्या होत्या. त्यानंतर पुन्हा पुन्हा तेच. प्रत्येक वेळी ती पुलावरून परत येताना मनात म्हणायची, आईनं हट्ट सोडला की सगळं सुटेल. खालून वैनगंगा वाहत असायची, रुंद, मातकट, कुणाचीच वाट न बघणारी, आणि तिला नदीचाही हेवा वाटायचा.

माणसं पांगली. ऑटोवाला फाटकाशी येऊन थांबला होता, बिडी ओढत. आईनं पिशवी खांद्याला लावली, एक पाय ऑटोच्या पायरीवर ठेवला आणि तशीच थांबली.

“उद्या किती वाजता बोलावलं दवाखान्यात?”

रुचिकाला ते ऐकू आलं आणि कळलं नाही. मग कळलं.

“काहून?”

“काहून काय? रक्त देतो मी.” आई ऑटोच्या दांड्याकडे बघत बोलत होती. “इतके दिवस म्हटलं, मी नाही दिलं तर त्याइच्याजवळ काही नाही राहणार त्याले मेला म्हणायले. पण हे मले सुचलंच नव्हतं ना वं. त्याले कोणाचं दुसऱ्याचं नाव लागलं तर? तिकडची कोणी बाई आपला समजून त्याले माती देईन, रडन बी त्याच्यावर. अन त्याचं नाव बिनमाणसाचं फिरत राहीन. नाव तर मीच ठेवलं होतं. तुह्या बाबाले दुसरं पाहिजे होतं.”

हेच तिला हवं होतं. याचसाठी तिनं आईला आज इथं आणलं होतं, आणि कर्नलसाहेबांनी एका प्रश्नाच्या उत्तरात ते करून टाकलं होतं जे तिला कित्येक फेऱ्यांत जमलं नव्हतं. आता तिनं हो म्हणायचं, वेळ सांगायची, आधारकार्ड आण म्हणायचं. पण तिनं गोलूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. उभ्या माणसांत ओढणी धरून आईनं तिला खाली बसवलं होतं तेव्हा तळाशी जे हललं होतं, ते आता वर येत होतं आणि त्याचं तोंड तिला दिसलं. आई नाही म्हणत होती म्हणून ती हो म्हणू शकत होती. आईनं एकटीनं त्याला तिकडे कुठं तरी, कोंड्यासारख्या त्या बर्फात, जिवंत धरून ठेवलं होतं, दोन्ही हातांनी, आणि म्हणून रुचिकाचे हात मोकळे होते, नकाशे बघायला, ईमेल वाचायला, शहाणं व्हायला. आता आईनं एक हात सोडला. बोट बोट करून सोडत होती. आणि घरात दुसरं कुणी नव्हतं धरायला.

“एवढी घाई काय आहे, आई?” तिचाच आवाज होता.

आईनं वळून पाहिलं. “तूच तर म्हणून राहिली होती.”

“हो, पण...” ऑटोवाल्यानं बिडी चपलेखाली विझवली. गोलू तिच्या खांद्यावर मान टाकून स्वतःशीच काही बडबडत होता. “गोलूचं अंग गरम लागून राहिलं. सकाळपासूनच. उद्या नको. परवा जाऊ.”

आईनं पायरीवरचा पाय खाली घेतला. ती जवळ आली आणि तिनं तळहात गोलूच्या कपाळावर ठेवला, मग उलटा करून मानेखाली, मग कानामागे, जसा ती अंगणवाडीतल्या लेकरांना ठेवायची, जसा रुचिका आणि सुगतलाही ठेवत आली होती. गोलू खिदळला आणि त्यानं तिची काकणं पकडली. त्याचं कपाळ माठातल्या पाण्यासारखं थंड होतं. रुचिकाला ते ठाऊक होतं, आणि आईच्या तळहाताला तर तिच्याहून आधी ठाऊक झालं असणार.

आई लेकीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आधी नवल होतं, मग नवल निवलं.

“हो वं,” ती म्हणाली, “आहे थोडंसं.” हात तिनं काढला नाही. “परवा जाऊ.”